"सीट गावतली काय?" : प्रवेशाची शक्यता मोजायची कशी

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या पडवीत ओल्या चपलांची रांग लागते. मी कुडाळजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. निकाल लागले की पालक मुलाला घेऊन येतात, घोटभर पाणी पितात आणि विचारतात, "सर, माझ्या झिलाक सीट गावतली काय?" म्हणजे माझ्या मुलाला जागा मिळेल का?

सुरुवातीची काही वर्षं मी तोंडाला येईल ते सांगायचो. हुशार आहे, मिळेल. आता कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि तासाभराने सांगतो की या तीन ठिकाणी जवळजवळ नक्की, या पाच ठिकाणी होईल किंवा नाही, आणि इथे पर्याय जरूर भरा पण पेढे आणू नका. या तासाभरात मी जे करतो ते दहावीचं गणित येणारा कुठलाही पालक घरी करू शकतो. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : कोकण बोर्डाचा अभिमान घडी घालून ठेवा

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपल्याला पाठ आहे. २०२४ मध्ये ९७.५१ टक्के, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के, त्या वर्षी राज्याचा आकडा ९१.८८. आनंद आहेच. पण उत्तीर्णतेची टक्केवारी नापास किती कमी झाले एवढंच सांगते. चुरशीच्या संस्थांतला प्रवेश ठरतो दुसऱ्या टोकाला, जिथे पहिले दोन-तीन हजार जण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. तिथे सिंधुदुर्ग-रत्नागिरी या आपल्या दोन जिल्ह्यांतली मुलं किती, याचा त्या बातमीत पत्ता नसतो.

बारावीच्या गुणांचा उपयोग बहुतेक ठिकाणी उंबरठ्यापुरता उरला आहे. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला भौतिक-रसायन-गणितात ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. आयआयटी-एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना एकूण ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत असणं, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. उंबरठा ओलांडला की ते गुण बाजूला पडतात. म्हणून "बारावीला ८९ आहेत, मुंबईचं व्हीजेटीआय कॉलेज मिळेल का?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेला किती, ते सांगा.

पायरी २ : दार कोणतं ते ठरवा

हे झटपट उरकू. आयआयटीसाठी जेईई मेन आणि मग ॲडव्हान्स्ड. एनआयटी-ट्रिपल आयटीसाठी नुसती मेन. पुण्याचं सीओईपी, व्हीजेटीआय आणि राज्यातल्या इतर इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी. डॉक्टर व्हायचं तर नीट. दिल्ली विद्यापीठ आणि इतर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची स्वतःची परीक्षा आहे, कायद्याला क्लॅट, बिट्स या खासगी संस्थेला बिटसॅट. प्रत्येक दाराची यादी वेगळी. एका दारातला क्रमांक दुसऱ्या दारात चालत नाही, तरी दर वर्षी कोणीतरी सीईटीचा पर्सेंटाइल घेऊन आयआयटीची चौकशी करायला येतंच.

पायरी ३ : पर्सेंटाइलचा क्रमांक करा

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आणि सुमारे एक जण पुढे. तो एक जण म्हणजे प्रत्यक्षात किती माणसं, हे परीक्षेला किती बसले त्यावर अवलंबून. सूत्र सोपं आहे: शंभरातून पर्सेंटाइल वजा करा, परीक्षा दिलेल्यांच्या संख्येने गुणा, शंभराने भागा. जेईई मेनला सुमारे १४ लाख बसले आणि मुलाला ९८ आहेत, तर पुढे अंदाजे २८ हजार. ९८ म्हणताना छाती फुगते, २८ हजार म्हणताना आवाज खाली येतो. दोन्ही एकच.

आता जरा थांबा, कारण माणसं फसतात ती इथे. २०२४ मध्ये सीईटीच्या पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) गटाला प्रत्यक्ष बसले सुमारे २ लाख ९५ हजार. २०२५ मध्ये तो आकडा ४ लाख २० हजारांच्या वर गेला. म्हणजे २०२४ मध्ये ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे तीन हजारांच्या आतबाहेर मुलं होती, २०२५ मध्ये बेचाळीसशे. तेच तीन हजारावं स्थान २०२५ मध्ये हवं असेल तर ९९.२९ लागत होते. "शेजारच्या बंड्याला गेल्या वर्षी ९९ वर मिळालं" हे वाक्य त्यामुळे निरुपयोगी. बंड्याचा पर्सेंटाइल नको, बंड्याचा क्रमांक आणा.

जेईई ॲडव्हान्स्डला पात्र होण्याची रेषाही अशीच वर सरकली. सर्वसाधारण प्रवर्गात २०२२ मध्ये ८८.४१, २०२३ मध्ये ९०.७८, २०२४ मध्ये ९३.२४, २०२५ मध्ये ९३.१०. मुलं अचानक हुशार झाली असं नाही. पात्र ठरतात ते अडीच लाखच, रांग तेवढी लांबली. आणि ॲडव्हान्स्डला पात्र म्हणजे आयआयटी नव्हे. सगळ्या २३ आयआयटी मिळून २०२४ मध्ये जागा होत्या १७,७४०. मुंबई आयआयटीचं कॉम्प्युटर सायन्स सर्वसाधारण प्रवर्गात पहिल्या शंभराच्या आतच संपतं.

आमच्याकडे आंबा बागायतदाराला हे पटकन कळतं. फळ तेच असतं, पण वाशीत त्या दिवशी किती पेट्या उतरल्या त्यावर दर ठरतो.

सीईटीच्या बाबतीत अजून एक बारकावा. निकालातून काढलेला क्रमांक हा अंदाज. प्रवेशासाठी नोंदणी झाली की सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं राज्याचं कार्यालय, राज्य गुणवत्ता क्रमांक देतं. परीक्षा दिलेले सगळेच काही प्रवेशाला येत नाहीत, म्हणून तो बरेचदा आपल्या अंदाजापेक्षा बरा निघतो. तो हाती आला की आधीचा खोडा.

पायरी ४ : आपली ओळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर कटऑफची पीडीएफ टाकतो. पानोपानी कॉलेज, शाखा आणि खाली चौकटी. प्रत्येक चौकटीत गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. चौकटीच्या डोक्यावर रोमन अक्षरांत एक कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर.

या शेवटच्या अक्षरावर मी एकदा तोंडघशी पडलो आहे. आमच्या गावची एक मुलगी, चांगला क्रमांक, मुंबईतलं एक कॉलेज डोक्यात. मी एचची चौकट बघितली आणि छातीठोक सांगितलं, पहिल्याच फेरीत. यादी लागली, नाव नाही. पुन्हा पीडीएफ उघडली तेव्हा लक्षात आलं की पोरगी अकरावी-बारावीला लातूरला होती. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड ही मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात खरी, पण राज्यातूनच दहावी-बारावी केलेल्याचं गृह विद्यापीठ बारावी कुठून झाली त्यावर ठरतं. लातूर नांदेडच्या विद्यापीठाकडे जातं. तिची चौकट ओची होती आणि तिथला कटऑफ बराच कडक. तिसऱ्या फेरीत दुसरीकडे लागली, चांगली शिकली. आई पुढच्या मे महिन्यात आगळाची बाटली घेऊन आली आणि त्या विषयावर एक शब्द बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "किती मिळाले?" हा नसतो. "बारावी कुठून?" हा असतो. कोल्हापूर-सांगलीची कॉलेजं आपल्याला एका घाटाच्या अंतरावर, पण ती शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली. कुडाळहून रात्रभर गाडीत काढून गाठायची मुंबई मात्र कागदावर आपलं घर. काही संस्थांत सगळ्या किंवा बऱ्याच जागा राज्यस्तरावरच्या असतात, तिथे हा फरक पडत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून जागांच्या वाटपाचं प्रकरण वाचाच. कंटाळवाणं आहे. तरी वाचा.

केंद्रीय संस्थांतही हद्दीची गंमत आहे. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना. महाराष्ट्राचं एनआयटी नागपूरला. बांदा-सावंतवाडीच्या मुलाला गोव्याचं एनआयटी दुचाकीवरून गाठता येईल, पण तिथे तो परराज्यातला. त्याने बघायची ओळ नागपूरसाठी 'होम स्टेट' आणि गोव्यासाठी 'अदर स्टेट'. आयआयटीत राज्याचा कोटा नाही, त्यामुळे आयआयटी गोवा सगळ्यांना सारखीच लांब. मुलींसाठी आयआयटी-एनआयटीत वेगळ्या वाढीव जागा आहेत, त्यांची ओळही वेगळी. मुलीचा क्रमांक मुलांच्या ओळीत शोधून "नाही मिळणार" म्हणत उठून गेलेले पालक मी पाहिले आहेत.

शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा कडक असतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तो पर्याय वेगळा भरा, पण शक्यता मोजताना त्याचीच चौकट धरा.

पायरी ५ : तीन वर्षं, तीन ढीग

आपली ओळ सापडली की त्याच कॉलेजच्या, त्याच शाखेच्या, त्याच चौकटीतले मागच्या तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे क्रमांक लिहा. एकाच वर्षावर विसंबू नका. एखाद्या वर्षी कुठल्यातरी कारणाने आकडा घसरतो आणि लोक पुढची दोन वर्षं त्याच आशेवर जगतात.

समजा आकडे आले ४१००, ४६०० आणि ३९००. सगळ्यात कडक ३९००, सगळ्यात सैल ४६००. मुलाचा क्रमांक ३५०० असेल, म्हणजे कडकाच्याही दहा टक्के आत, तर मी त्याला 'जवळजवळ नक्की' म्हणतो. ३९०० ते ४६०० मध्ये कुठेही असेल तर नाणं हवेत आहे. ४६०० च्या पुढे दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ५२०० पर्यंत, आशा. त्यापुढे पर्याय भरायला पैसे पडत नाहीत म्हणून भरा, पण घरात त्याची चर्चा नको. हे दहा-पंधरा टक्के कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, माझ्या वह्यांतून आलेले आहेत. पहिल्या पाचशेतल्या क्रमांकांना ते लागू पडत नाहीत. तिथे जागा इतक्या मोजक्या की वीस मुलांनी मन बदललं तरी आकडा हलतो.

मग बघा, जागा बदलल्या आहेत का. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, शाखांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि बऱ्याच खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. जागा दुप्पट झाल्या की कटऑफ सैल होतो आणि मागच्या वर्षाचा आकडा उगाच घाबरवतो. त्या वर्षीचा जागांचा तक्ता शेजारी ठेवूनच पीडीएफ वाचा.

पहिल्या फेरीचा कटऑफ बघून रडूही नये. वरची मुलं आयआयटी-एनआयटीकडे, काही बिट्सकडे निघून जातात आणि यादी खाली सरकते. किती सरकते ते त्याच कॉलेजचे पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे आकडे शेजारी मांडून दिसतं.

परीक्षा अजून व्हायची असेल तर

तुमच्याकडे क्रमांक नाही, सराव परीक्षांचे गुण आहेत. शेवटच्या सहा पूर्ण पेपरांचे घ्या. सगळ्यात चांगला टाका. मुलं नेमकी त्याच्यावरच बोट ठेवतात, म्हणून आधी तोच. उरलेल्या पाचांतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, हा तुमचा पट्टा. शक्यता पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोजा. खालच्या टोकाला जे मिळतं ते पसंत आहे का, हा खरा प्रश्न, आणि तो फेब्रुवारीतच घरात बोलून झालेला बरा.

क्लासमधला पहिला क्रमांक धरू नका. कणकवलीत चाळीस मुलांत पहिला आणि राजस्थानातल्या कोटा शहरातल्या आणि लातूरच्या मुलांसकट सगळ्यांत पहिला यांत फरक आहे. देशपातळीवरच्या एखाद्या सराव मालिकेतले दोन-तीन पेपर तरी द्या आणि जुन्या खऱ्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. सीईटीला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईई-नीटला कापतात. एकाच मुलाचा दोन्हीकडचा अंदाज म्हणूनच निरनिराळा येतो. सीईटीत गणिताला १०० गुण, भौतिक आणि रसायनला ५०-५०, आणि बराचसा भर बारावीवर, साधारण ८० टक्के. गणितात चपळ मुलगा जेईईपेक्षा इथे वर येतो, हे पुन्हापुन्हा पाहिलंय.

आणि एप्रिल-मे हे आंब्याचे महिने. घरची कलमं असतील तर मुलगा काढणीला, पेट्या भरायला जाणारच. वेळापत्रक तसं मांडा, उगाच दहा तासांचा तक्ता भिंतीला चिकटवू नका.

मेडिकलवाल्यांसाठी वेगळं

नीटमध्ये गुणांची तुलना करणं सोडा, अखिल भारतीय क्रमांकच बघा. २०२४ मध्ये सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, फेरतपासणीनंतर १७ उरले. २०२५ चा पेपर इतका कठीण की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. दोन्ही वर्षांचे गुण एका तक्त्यात मांडून काढलेली सरासरी हा विनोद आहे.

दुसरी फसगत 'नीट क्वालिफाइड' या शब्दांची. बाजारपेठेत फलक लागतो, हार पडतो. २०२५ मध्ये पात्र ठरले १२ लाख ३६ हजारांवर विद्यार्थी, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खासगी सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास. फलकावरच्या दहांतल्या एकाला जागा, आणि त्यातल्याही निम्म्या-अर्ध्या खासगी, जिथली फी ऐकून फलक लावणारा काका गप्प होतो.

सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय. २०२० मध्ये राज्यातला ७०:३० चा विभागीय कोटा रद्द झाला, त्यामुळे लातूरचा मुलगा आणि मालवणचा मुलगा आता एकाच राज्य यादीत. त्याआधीचे कटऑफ कोणी दाखवले तर वाचू नका. आपल्याकडे अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेजं आली आहेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांपेक्षा त्यांचे क्रमांक सैल राहतात आणि घरचा डबा पोचतो. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात धावतात, म्हणून मुलालाही तिथेच घालू असं काहींना वाटतं. गोव्याच्या त्या जागा गोव्याच्या रहिवाशांच्या. आपल्याला तिथे अखिल भारतीय पंधरा टक्क्यांतूनच शिरता येतं.

दिल्ली विद्यापीठ

२०२१ मध्ये तिथल्या काही नामांकित कॉलेजांत काही विषयांचा कटऑफ शंभर टक्के होता. २०२२ पासून सीयूईटी आली आणि बारावीच्या टक्क्यांवरचा तो खेळ संपला. आपल्या बोर्डाच्या मुलांना हे बरंच म्हणायचं, कारण आपल्याकडे भाषेला शंभरपैकी शंभर पडत नाहीत. शक्यता मोजायची रीत तीच. विद्यापीठ प्रत्येक फेरीनंतर कॉलेज, अभ्यासक्रम आणि प्रवर्गानुसार किमान गुण जाहीर करतं, तीच तुमची ओळ. मात्र सीयूईटीचे विषय अर्ज भरतानाच जुळवावे लागतात. हव्या अभ्यासक्रमाला कोणते विषय चालतात ते आधी बघा. गुण भरपूर आणि विषयच चुकलेला, अशी शक्यता शून्य असते.

परदेशाचं स्वप्न असेल तर गणित बदलतं

वरचं सगळं क्रमांकाच्या दारांचं. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत क्रमांकच नसतो. गुण, निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेर काय केलं, सगळं एकत्र वाचतात. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७. म्हणजे शंभरात साडेतीन. ही 'माझी' शक्यता नव्हे. अर्ज करणाऱ्यांत बहुतेक आपापल्या शाळेतले पहिले असतात, आणि परदेशी अर्जदारांचं प्रमाण सहसा एकूण आकड्यापेक्षाही कमी पडतं. असे आकडे वरची मर्यादा म्हणून धरा.

हिशेबातली नेहमीची चूक अशी: चार टक्क्यांच्या दहा विद्यापीठांना अर्ज केले म्हणजे चाळीस टक्के. एक तर बेरीज अशी होत नाही, दहाही नकारांची शक्यता गुणाकाराने काढली तर उरतात तेहतीसच. आणि तेही नकार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. ते तसे नसतात. ज्या कारणाने एकाने नाकारलं त्याच कारणाने दुसरंही नाकारतं.

त्यात पैसा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा थोड्याच संस्था परदेशी मुलांचा निर्णय घेताना त्यांना मदत लागेल का हे बघत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी मोठी मदत मागितली की शक्यता घटते. म्हणून दोन आकडे लिहा, प्रवेशाचा आणि पैशासकट प्रवेशाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एका वर्षी एकालाच अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर. ऑक्सफर्डला दर वर्षी वीस हजारांहून कितीतरी जास्त अर्ज येतात आणि पदवीच्या जागा सुमारे ३,३००. १५ ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे गणपती-नवरात्रीची धामधूम नुकती ओसरत असते. निबंध त्याआधी लिहून झाले नाहीत तर होतच नाहीत, अनुभवाने सांगतो.

पायरी ६ : कागद तयार नसेल तर ओळ तुमची नाही

राखीव प्रवर्गाची चौकट धरून हिशेब केला आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात नाही, तर तो हिशेब हवेतला. अकरावीत असतानाच ओरोसला जात पडताळणी समितीकडे अर्ज घाला. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, कुठल्या वर्षीच्या ते वाचून घ्या. केंद्रीय संस्थांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं, शिवाय जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्ग फक्त राज्याचा. जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, आणि नीटच्या अखिल भारतीय फेरीत तो नाहीच, तेव्हा तिथली ओळ वेगळी धरा.

ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या केंद्रीय अटींत पाच एकर शेतजमिनीची मर्यादा आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस नावं, पैकी अर्धी माणसं परळला आणि चार वारलेली. कुटुंबाचा हिस्सा किती हे तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात मे महिन्यातच विचारून घ्या. जुलैत सेतू केंद्राबाहेरची रांग रस्त्यावर येते.

मुलींच्या पालकांनी आणखी एक बघा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. "परवडणार नाही" म्हणून यादीतून खोडलेली कॉलेजं पुन्हा लिहा.

पायरी ७ : पर्याय भरताना

क्रम आवडीचा लावा, शक्यतेचा नाही. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर तो घ्यावाच लागायचा, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरच्या सहा जागी "बघू मिळतंय का" असं काही लिहू नका. तिथे तेच लिहा जे मिळाल्यावर सामान बांधाल. पुढच्या वर्षी हा नियम तसाच आहे का, ते माहितीपुस्तिकेत पाहा.

'आशा'वाले चार-पाच, 'नाणं हवेत'वाले भरपूर, आणि शेवटी 'जवळजवळ नक्की' किमान तीन. ती शेवटची तीन लिहायला मुलं लाजतात आणि मुंबईचा काका फोनवरून म्हणतो, ती कशाला, पोरगं हुशार आहे. काकाला कॉलेजची नावं ठाऊक असतात, पण आपली चौकट त्याने पाहिलेली नसते.

फॉर्म शेवटच्या दिवशी भरायचा नाही. जुलैत इथे वारा सुटला की आधी लाईट जाते, मग रेंज, मग सायबर कॅफेवाला शटर ओढून घरी जातो. कटऑफच्या पीडीएफ मोबाईलवर आधीच उतरवून ठेवा, मूळ कागदांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि भरलेल्या अर्जाची प्रत त्याच दिवशी छापून घ्या. माझ्याकडे येणार असाल तर आपल्या चौकटीची तीन वर्षांची पानं छापूनच आणा. माझ्या प्रिंटरची शाई गेल्या जूनमध्येच संपली.